तार्‍यांभोवतीची धूळ शोधायला आपल्यासारख्या हौशी लोकांची खरंच मदत होते का?

स्वातीचा_थेंब
नमस्कार मंडळी. डिस्क डिटेक्टिव्हबद्दल इथे कुणी लिहिलेलं सापडलं नाही म्हणून धागा काढतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नासाने ३० जानेवारी २०१४ ला हा प्रकल्प सुरू केला, झूनिव्हर्स या, शास्त्रीय कामात सामान्य लोकांची मदत घेणार्‍या संकेतस्थळावर. वाइज नावाच्या अवकाश दुर्बिणीने २०१० मध्ये अख्ख्या आकाशाची इन्फ्रारेडमध्ये पाहणी केली, त्यात ७४ कोटी ७० लाख वस्तूंची नोंद झाली. त्यातून कॉम्प्युटरने साधारण पाच लाख अशा निवडल्या की ज्या इन्फ्रारेडमध्ये जरा जास्तच चमकतात, म्हणजे कदाचित त्या तार्‍याभोवती धुळीची चकती असेल, जिथे ग्रह तयार होतायत किंवा होऊन गेलेत. पण त्या पाच लाखांत दीर्घिका, लघुग्रह, नुसते धुळीचे ढग असं काय वाट्टेल ते मिसळलेलं. मग ते एकेक करून डोळ्यांनी बघायचं काम आपल्यासारख्यांकडे. दहाएक सेकंदांची चित्रमालिका बघायची आणि खालच्या पर्यायांवर टिक करायची, बस्स.

मी बरेच महिने रोज जेवणानंतर थोडा वेळ हे करतेय आणि मला मनापासून आवडतं. पण माझा अनुभव असा की जवळजवळ सगळ्यांना मी 'नाही' म्हणते. चित्रावरच्या लाल वर्तुळात दोन वस्तू, नाही. वस्तू सरकली, नाही. गोल नाही, नाही. 'चांगला उमेदवार' हे बटण क्वचितच दाबलं जातं. घरात भाऊ म्हणतो, तू काय शोधत नाहीयेस, नुसती केर काढतेयस. त्याला मी उत्तर दिलं पण ते मलाच पुरतं पटलं नाही.

तर प्रश्न असा, की या 'नाही'ला खरंच किंमत आहे का? आणि २०१४ चं जाऊ द्या, आज हे यंत्र करू शकणार नाही का? ज्यांनी केलंय त्यांनी अनुभव लिहा प्लीज.

---

उल्का
अरे वा, मस्त विषय. मी केलंय थोडे दिवस, माझ्या मुलीबरोबर बसून. ती माझ्यापेक्षा फास्ट होती, मी विचार करेपर्यंत "आई सरकलं ते" म्हणून मोकळी. सविस्तर लिहिते नंतर.

---

कोडवाला
ताई, राग मानू नका पण स्पष्ट लिहितो. पाच लाख चित्रमालिका हा आजच्या हिशोबाने किरकोळ डेटा आहे. एक बर्‍यापैकी न्यूरल नेटवर्क ट्रेन केलं तर रात्रीत सगळं वर्गीकरण होईल आणि ते थकणार नाही, जांभया देणार नाही. माणसं रात्री दहानंतर काहीही टिक करतात. हौस म्हणून ठीक, पण 'विज्ञानाला मदत' हे जरा जास्त होतंय असं माझं मत.

---

धूळधाण
माझ्या आयडीला शोभेल असा धागा आल्याचा आनंद झाला. जागा धरून बसलोय.

---

निशाचर
@कोडवाला, तुम्ही एकदा तरी ती चित्रमालिका बघितलीय का? बघितली नसेल तर आधी ती कशी असते ते सांगतो, मग भांडू.

पहिल्यांदा येतात जुन्या फोटोग्राफिक प्लेट्सवरून स्कॅन केलेली चित्रं, दृश्य प्रकाशातली. त्यात तारा बारीक, टोकदार, कधी त्याला चार बाजूंना काटे फुटलेले, ते दुर्बिणीमुळे असतात, तार्‍याचे नव्हेत. मग टू-मास सर्वेक्षणातली जवळच्या इन्फ्रारेडची तीन चित्रं. आणि मग वाइजची, ३.४, ४.६, १२ आणि २२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आता तरंगलांबी वाढली की चित्र धूसर होतं, वाइजचा आरसा जेमतेम ४० सेंटिमीटरचा, त्यामुळे २२ मायक्रॉनला त्याला साधारण १२ आर्कसेकंदांपेक्षा (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) बारीक काही दिसत नाही. म्हणजे सुरुवातीला जो टिंब असतो तो शेवटी फुगून गोळा होतो, आणि वर लाल वर्तुळ आणि मधे क्रॉस तसाच उभा.

आता गंमत बघा. परवाच एक बघितलं. दृश्य प्रकाशात मधे छान एकटा तारा. त्याच्या डाव्या खालच्या बाजूला, वर्तुळाच्या अगदी आत, एक फिकट ठिपका, इतका फिकट की पहिल्या फेरीत मला प्लेटवरचा डाग वाटला. टू-मासमध्ये तारा ठणठणीत, ठिपका गायब. वाइजच्या पहिल्या दोन चित्रांत तारा बरोब्बर क्रॉसवर. १२ मायक्रॉनला गोळा किंचित कलल्यासारखा. आणि २२ ला पूर्ण गोळा खाली डावीकडे, त्या फिकट ठिपक्यावर जाऊन बसला. म्हणजे जास्तीचा इन्फ्रारेड तार्‍याचा नव्हताच, मागे कुठेतरी अब्जावधी प्रकाशवर्षांवर एक धुळकट दीर्घिका आहे तिचा होता. कॅटलॉगमध्ये मात्र सगळा प्रकाश त्या बिचार्‍या तार्‍याच्या नावावर जमा, कारण कॅटलॉगला २२ मायक्रॉनला एकच गोळा दिसतो आणि तो जवळात जवळच्या तार्‍याशी जोडला जातो.

स्वातीताई, हा जो 'सरकली, नाही' आहे ना, तो नसता तर कुणीतरी मोठ्या दुर्बिणीचा वेळ मागून त्या तार्‍यावर घालवला असता आणि हाती शून्य आलं असतं. त्यामुळे माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आहे आणि ठामपणे आहे.

---

स्वातीचा_थेंब
निशाचर, हे भावाला वाचून दाखवणार आहे. धन्यवाद.

---

कोडवाला
@निशाचर, उदाहरण छान आहे पण तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात. केंद्र किती सरकलं हे मोजणं यंत्राला तुमच्यापेक्षा सोपं आहे. दोन चित्रांतल्या गोळ्यांचा मध्यबिंदू काढा, वजाबाकी करा. त्याला तीस हजार लोक कशाला लागतात?

---

गणिताचे_सर
वाद चालू द्या, पण काही वाचकांना मूळ गोष्टच लक्षात आली नसेल म्हणून मध्येच घुसतो. निवृत्त झालो तरी शिकवायची खोड जात नाही.

तारा हजारो अंश तापलेला असतो, त्याचा बराचसा प्रकाश दृश्य किंवा जवळच्या इन्फ्रारेड भागात असतो. २२ मायक्रॉनला त्याचा प्रकाश फारच कमी व्हायला हवा, आणि किती कमी हे गणिताने नेमकं काढता येतं. आता त्या तार्‍याभोवती धूळ असेल तर ती तार्‍याचा प्रकाश शोषते, कोमट होते आणि तीच उष्णता लांब तरंगलांबीत परत फेकते. २२ मायक्रॉनला सगळ्यात जास्त चमकणारी वस्तू साधारण उणे १४० अंश सेल्सिअसची असते. आपल्याला ती भयंकर थंड वाटेल, पण अवकाशाच्या मानाने ती ऊबदारच. त्यामुळे आलेख काढला की तार्‍याची रेष खाली उतरत येते आणि शेवटी अचानक वर उचलते. ते उचलणं म्हणजे धूळ.

बरं, एवढीशी धूळ तार्‍यापुढे दिसते कशी? कारण वस्तुमान नव्हे, पृष्ठभाग महत्त्वाचा. अख्खा खडू टेबलावर ठेवला तर तो बोटाएवढी जागा अडवतो, तोच कुटून उधळला तर वर्गभर पांढरं होतं. ग्रह हा अख्खा खडू. त्याच्या लाखो-करोडो पट कमी वजनाची भुकटी ग्रहापेक्षा कितीतरी जास्त चमकते. म्हणूनच दूरच्या तार्‍याभोवतीचा ग्रह दिसायच्या आधी ग्रहांचा कच्चा माल आणि त्यांच्या टकरींचा चुरा दिसतो.

हे पहिल्यांदा लक्षात आलं १९८३ मध्ये, आयरस या इन्फ्रारेड उपग्रहाच्या वेळी. उपकरणं तपासायला म्हणून आपला अभिजित तारा बघत होते, नेहमीचा भरवशाचा तारा, तर तोच अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त चमकायला लागला. पुढच्याच वर्षी चिलीतल्या लास कॅम्पानास वेधशाळेतून बीटा पिक्टोरिसच्या चकतीचा फोटो मिळाला, कडेने दिसणारी, दोन्ही बाजूंना पसरलेली पट्टी. तिथून हा सगळा विषय सुरू झाला.

---

धूळधाण
सर, खडूचं वाचून मला शाळेतला डस्टर आठवला, तो माझ्या दिशेने यायचा. बाकी माझ्या आयडीची किंमत विश्वात एवढी असेल असं वाटलं नव्हतं, घरच्यांना हा धागा दाखवतोच.

---

उल्का
सर, एक शंका. कृत्तिकांच्या फोटोत तार्‍यांभोवती निळसर धूर दिसतो ना, मग ती पण डिस्कच का?

---

गणिताचे_सर
छान प्रश्न. नाही. कृत्तिकांचा पुंजका सध्या एका धुळीच्या ढगातून चाललाय, तो ढग त्यांचा स्वतःचा नाही, वाटेत भेटलाय. तार्‍यांच्या प्रकाशात तो उजळतो एवढंच. आणि नेमकी हीच डिस्क डिटेक्टिव्हमधली मोठी फसगत आहे, तारा ढगातून जात असेल तर आजूबाजूची धूळ तापते आणि इन्फ्रारेड वाढतो, पण ती चकती नव्हे. म्हणून 'वर्तुळाबाहेर पसरलेलं' असा एक पर्याय ठेवलाय. चकती इतकी दूर असते की वाइजला ती बिंदूच दिसायला हवी, धुरासारखी पसरली की संशय घ्यायचा.

---

उल्का
आत्ता कळलं. मुलगी विचारत होती आणि मी "असेल बाई" म्हणून वेळ मारून नेली होती.

---

मृगशीर्ष
मी या प्रकल्पात जरा खोलवर आहे म्हणून @कोडवाला यांना उत्तर देतो.

मध्यबिंदू मोजून बरंच काम होतं हे मान्य. पण प्रत्यक्षात शेजारी हजार तर्‍हांचे असतात. कधी शेजारच्या झगझगीत तार्‍याचा काटा वर्तुळातून जातो आणि यंत्राला वाटतं केंद्र सरकलं. कधी दोन तारे इतके चिकटून की गोळा फक्त किंचित लंबुळका. कधी तारा स्वतःच आकाशात वेगाने सरकणारा, जुन्या प्लेटचा फोटो कित्येक दशकांपूर्वीचा आणि वाइजचा २०१० चा, मधल्या काळात तोच पुढे गेला, म्हणजे सरकलाय पण लबाडी नाही. हे माणूस एका नजरेत समजतो. यंत्रालाही शिकवता येईल, पण शिकवायला आधी बरोबर उत्तरं लिहिलेली हजारो उदाहरणं लागतात, आणि २०१४ ला ती कुणाकडेच नव्हती. ती कुणी तयार केली? गॅलेक्सी झू बघा, २००७ मध्ये सुरू झाला, जवळपास नऊ लाख दीर्घिका लोकांनी वर्गीकृत केल्या आणि आज दीर्घिका ओळखणारी जी नेटवर्क्स आहेत ती त्याच स्वयंसेवकांच्या उत्तरांवर शिकली.

आणि एकट्याच्या टिकवर काही ठरत नाही. एकच वस्तू बर्‍याच लोकांकडे जाते, बहुतेकांचं एकमत झालं तरच पुढे सरकते. त्यामुळे रात्री दहानंतर जांभई देणारा एखादा असला तरी बाकीचे सावरून घेतात.

टिक करणं ही तर पहिली पायरी. त्यात ज्यांना गोडी लागते त्यांचा एक वेगळा गट आहे, आम्ही पुढचं बघतो. उमेदवार तारा घ्यायचा, सिम्बाड या तार्‍यांच्या ऑनलाइन नोंदवहीत त्याचं नाव-गाव शोधायचं, आधी कुणी तो पेपरमध्ये छापलाय का, तो तारा आहे की क्वेसार (म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकेचा झगझगीत गाभा), त्याचा वर्णपट प्रकार काय, अंतर किती, सरांनी सांगितला तो आलेख कसा दिसतो, सगळं एका तक्त्यात भरायचं. मग शास्त्रज्ञांबरोबर ऑनलाइन बैठक. तिथे मी पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा आवाज कापत होता. पण त्या लोकांनी कधी "तुम्ही हौशी" असं जाणवू दिलं नाही, उलट आमच्यातल्या एका बाईंनी एका तार्‍यावर हरकत घेतली तर तो यादीतून काढला गेला.

---

वाचनमात्र
नेहमी नुसता वाचतो, आज लिहितोय. मृगशीर्ष, यातून नवीन काही सापडलं का प्रत्यक्ष? की याद्याच?

---

मृगशीर्ष
सापडलं तर. २०१६ मध्ये दोन छान गोष्टी आल्या. एक म्हणजे एचडी ७४३८९, त्याच्याभोवती टकरींच्या चुर्‍याची चकती आहे आणि त्याचा जोडीदार श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या तार्‍याचा उरलेला गाभा, आहे. अशा जोडीत चकती सापडल्याची ती पहिलीच नोंद.

दुसरी मला जास्त आवडते. एडब्ल्यूआय०००५एक्स३एस नावाचा एक छोटा लाल बटू तारा. ग्रह बनवणारी मूळ चकती साधारणपणे काही दशलक्ष वर्षं टिकते, फार तर एक कोटीच्या आसपास, मग वायू उडून जातो, धूळ ग्रहांत जाते किंवा बाहेर फेकली जाते. हा तारा निघाला साडेचार कोटी वर्षांचा आणि चकती अजून शाबूत. पुढे २०१८ मध्ये दुसर्‍या गटाने वर्णपट घेऊन दाखवलं की त्या तार्‍यावर अजून वायू कोसळतोय. म्हणजे नुसता चुरा नाही, मूळचीच चकती इतकी वर्षं तग धरून आहे. मग तसे आणखी काही सापडले आणि २०२० मध्ये त्या प्रकाराला 'पीटर पॅन डिस्क' हे नाव पडलं, गोष्टीतल्या त्या कधीच मोठ्या न होणार्‍या मुलावरून. हे सगळे लहान तारे आहेत, आणि आपल्या आकाशगंगेत लहान लाल तारेच सगळ्यात जास्त, त्यामुळे त्यांच्याभोवती ग्रह बनायला आपण समजत होतो त्यापेक्षा जास्त वेळ मिळत असेल तर ग्रहांच्या जन्माच्या गणितात बराच फरक पडतो.

२०२० मध्येच एक तरुण तपकिरी बटू (ग्रहापेक्षा मोठा, पण पुरता तारा न झालेला) पण जाहीर झाला, डब्ल्यू१२००-७८४५, ३३२ प्रकाशवर्षांवर, वय जेमतेम ३७ लाख वर्षं, त्याच्याभोवती पण चकती. आपल्या इतक्या जवळ असा दुसरा माहीत नव्हता.

---

धूळधाण
एडब्ल्यूआय०००५एक्स३एस हे नाव आहे की वायफायचा पासवर्ड?

---

वाचनमात्र
वय कसं कळतं पण? तारा काही जन्मदाखला घेऊन येत नाही.

---

मृगशीर्ष
एकट्या तार्‍याचं वय काढणं खरंच अवघड, तुमची शंका रास्त आहे. पण तारे बहुधा झुंडीने जन्मतात आणि नंतर पांगले तरी बराच काळ एकाच दिशेने, एकाच वेगाने चालत राहतात. हा तारा कॅरिना नावाच्या गटाबरोबर चालताना आढळला. मग त्या गटातल्या बाकीच्या भावंडांवरून वय काढायचं, लहान तारे अजून आकुंचन पावतायत का, वर्णपटात लिथियम उरलाय का, असं बघून. हल्ली गाया उपग्रहामुळे अंतर आणि चाल इतकी नेमकी मिळते की हौशी माणूससुद्धा घरी बसून सांगू शकतो की हा तारा अमुक गटातला असण्याची शक्यता किती. आमच्यातले काही जण दिवसभर तेच करतात, त्यांना थांबवावं लागतं.

---

बिनतारी
सगळं कौतुक वाचलं. मला एक टोचतंय ते विचारतो. हजारो तास लोकांनी फुकट घालवले, पेपर शास्त्रज्ञांच्या नावावर, पगार त्यांना, पदव्या त्यांना. याला आमच्याकडे वेठबिगार म्हणतात. गोड नाव दिलं म्हणून काय झालं?

---

निशाचर
बिनतारीभाऊ, वेठबिगार म्हणजे जबरदस्ती. इथे कोण तुम्हाला पकडून बसवतंय? मी गाणं ऐकत करतो, कंटाळा आला की बंद. डेटा सगळा सार्वजनिक आहे, उद्या तुम्ही स्वतः उतरवून घेऊन पेपर लिहिलात तरी कुणी अडवणार नाही.

---

बिनतारी
जबरदस्ती नाही हे मान्य, पण श्रेयाचं काय? 'आम्ही स्वयंसेवकांचे आभारी आहोत' ही एक ओळ शेवटी टाकली की झालं?

---

मृगशीर्ष
इतर ठिकाणचं मी बोलत नाही, पण इथे तसं नाही. जे स्वयंसेवक पुढच्या टप्प्यावर काम करतात ते पेपरमध्ये सहलेखक असतात, आभाराच्या ओळीत नाही, वर नावांच्या यादीत. त्यात कुणी शिक्षक, कुणी गृहिणी, कुणी निवृत्त. पैसे मिळत नाहीत हे खरं. पण तुमचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. नुसत्या टिका करणार्‍या हजारो लोकांना तेवढं मिळत नाही आणि त्यांच्याशिवाय पुढचं काहीच उभं राहत नाही. निदान 'तुम्ही बघितलेल्या वस्तूचं पुढे काय झालं' हे प्रत्येकाला कळायला हवं असं मला पण मनापासून वाटतं.

---

बिनतारी
सहलेखक असतात हे माहीत नव्हतं. बरं वाटलं. शेवटच्या वाक्याला +१००.

---

कोडवाला
मृगशीर्ष, ट्रेनिंग डेटाचा मुद्दा मला मान्य आहे, तो मी धरला नव्हता हिशोबात. तरी पण मग पुढचा प्रश्न, आता उदाहरणं तयार झाली, आता माणसं कशाला?

---

निशाचर
कारण यंत्राला जे शोध म्हणून सांगितलं तेच ते शोधतं. टॅबीचा तारा आठवा. केप्लर या ग्रह शोधणार्‍या अवकाश दुर्बिणीच्या डेटात प्रोग्रॅम तार्‍याच्या प्रकाशातली ठरावीक अंतराने परत परत येणारी घट शोधत होते, म्हणजे ग्रह. टॅबीच्या तार्‍याची, म्हणजे केआयसी ८४६२८५२ ची, घट वेडीवाकडी, कधीही येणारी, आणि एकदा तर २२ टक्क्यांपर्यंत गेलेली. ग्रह एवढा प्रकाश अडवूच शकत नाही. प्रोग्रॅमच्या ठरलेल्या चौकटीत ते बसत नव्हतं. प्लॅनेट हंटर्स या अशाच दुसर्‍या प्रकल्पाच्या स्वयंसेवकांनी "हे काय आहे?" म्हणून चर्चेत टाकलं आणि २०१५ मध्ये जगभर गाजलं, काही लोक तर थेट परग्रहवासीयांच्या बांधकामापर्यंत पोचले. २०१८ मध्ये वेगवेगळ्या रंगांत निरीक्षण केल्यावर दिसलं की निळा प्रकाश लालपेक्षा जास्त अडतोय. तसं बारीक धुळीमुळे होतं, ठोस वस्तूने सगळे रंग सारखेच अडवले असते.

फिरून परत धूळच, बघा.

---

धूळधाण
मी तेच म्हणतोय.

---

गणिताचे_सर
अवांतर आहे, पण तसं फार नाही. धुळीची चकती हौशी लोकांनी नुसत्या डोळ्यांनीही टिपलीय. सारथी तारकासमूहात ब्रह्महृदयाशेजारी तीन तार्‍यांचा एक छोटा त्रिकोण आहे, त्यातला एक म्हणजे एप्सिलॉन ऑरिगे. दर २७ वर्षांनी तो मंद होतो आणि जवळजवळ दोन वर्षं मंदच राहतो. नेहमीची प्रत (तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद) सुमारे ३, ती ३.८ पर्यंत उतरते. शंभरेक वर्षं लोक डोकं खाजवत होते की एवढा वेळ झाकणारी वस्तू आहे तरी काय. २००९ ते २०११ च्या ग्रहणात सिटिझन स्काय नावाचा उपक्रम झाला, जगभरातल्या हौशी लोकांनी त्याची प्रत नोंदवली. तारा इतका तेजस्वी की मोठ्या दुर्बिणींना तो उलट गैरसोयीचा, साध्या डोळ्यांना आणि कॅमेर्‍याला सोयीचा. आणि त्याच ग्रहणात कॅलिफोर्नियातल्या चारा या दुर्बिणसंचाने प्रत्यक्ष चित्र घेतलं, एक काळी, चपटी, तिरपी चकती तार्‍यासमोर सरकताना. धुळीचीच.

मीही तेव्हा गच्चीवरून शेजारच्या तार्‍यांशी तुलना करून नोंदी ठेवल्या होत्या, वही अजून आहे. पुढचं ग्रहण २०३६ च्या सुमारास. तरुणांनी आत्तापासून तो त्रिकोण ओळखून ठेवा.

---

उल्का
सर, २०३६ ला माझी मुलगी तिशीत असेल. तिला आजच दाखवते त्रिकोण, रात्री आकाश मोकळं असेल तर.

---

निशाचर
अवांतरात भर. आपण सगळे पण एका चकतीत राहतो. काळोख्या जागी संध्याप्रकाश पूर्ण संपल्यावर पश्चिमेला किंवा पहाट व्हायच्या आधी पूर्वेला राशिचक्राच्या रेषेवर एक फिकट, निमुळता उजेड वर चढलेला दिसतो, तो राशिप्रकाश. सूर्याभोवतीच्या धुळीवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश. याच धुळीवर क्वीन बँडच्या ब्रायन मे यांनी पीएचडी केली, सत्तरच्या दशकात अर्धवट सोडून गिटार हातात घेतली आणि २००७ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजातून पूर्ण केली.

---

बिनतारी
काय सांगता! हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे माझ्या अर्धवट राहिलेल्या एमएस्सीला अजून आशा आहे.

---

स्वातीचा_थेंब
धागा एवढा वाढेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस सगळं वाचून माझं मत आता पक्कं झालंय ते लिहिते.

निशाचरांचं उदाहरण डोक्यात ठेवून मी काल मुद्दाम हळू बघत बसले. प्रत्येक 'नाही' म्हणताना कारण वेगळं आहे हे आधी लक्षातच घेतलं नव्हतं. 'सरकली' म्हणजे मागे दुसरं कुणीतरी आहे. 'पसरलेलं' म्हणजे ढग आहे. 'गोल नाही' म्हणजे बहुधा दीर्घिका. मी कचरा काढत नाहीये, मी प्रत्येक ठिपका काय आहे ते सांगतेय, फक्त तो चकतीवाला तारा नाही एवढंच. आणि चांगली यादी हातात असली तरच पुढे कुणाला काही करता येईल. वेब ही अवकाश दुर्बीण कितीही मोठी असली तरी ती आकाशाचा एवढासा तुकडा बघते, कुठे बघायचं ते आधी कुणीतरी सांगावं लागतं. वाइजला थंड ठेवणारं शीतक २०१० मध्येच संपलं, त्यामुळे २२ मायक्रॉनची अख्ख्या आकाशाची ती पाहणी तिने परत केली नाही आणि दुर्बीण आता २०२४ मध्ये वातावरणात जळून गेली. जी चित्रं आहेत ती नीट बघितलीच पाहिजेत असं मला वाटतं, माणसांनी बघोत, यंत्राने बघो, दोघांनी मिळून बघोत.

कोडवाला, तुमच्यामुळे मला विचार करावा लागला, खरंच. भावाने काल स्वतःहून विचारलं "दाखव बरं ते काय आहे", त्याने बर्‍याच वस्तू बघितल्या आणि एकावर माझ्याशी हुज्जत घातली.

---

कोडवाला
हुज्जत घालतोय म्हणजे तो कामाला लागला. मी रविवारी बसून बघणार आहे. मध्यबिंदू मोजायचा एक छोटा प्रोग्रॅम लिहितो, मग माझी उत्तरं, प्रोग्रॅमची उत्तरं आणि स्वातीताईंची उत्तरं ताडून बघू. मृगशीर्ष, तुमचे नमुने मिळतील का, ज्यांचं उत्तर नंतर वर्णपटाने पक्कं झालंय असे?

---

मृगशीर्ष
छापून आलेली यादी आहे, ती पाठवतो. त्यात उमेदवार आहेत आणि फसवे निघालेले पण आहेत, फसवे मुद्दाम जास्त घ्या.

---

वाचनमात्र
मी पण सुरू केलं. एकाच ठिकाणी अडलोय. २२ मायक्रॉनच्या चित्रात वर्तुळात नुसते दाणेदार ठिपके दिसतात, गोळा असा नाहीच, पण नीट टक लावून बघितलं तर मधे जरा उजेड आहे असं वाटतं. 'वर्तुळ रिकामं' दाबायचं की नाही?

---

मृगशीर्ष
टक लावून बघावं लागतंय म्हणजे नाहीच. मधल्या उजेडासारखा उजेड वर्तुळाबाहेर पण इकडेतिकडे दिसतो का ते बघा. दिसत असेल तर तो नुसता गोंगाट, 'रिकामं' दाबा बिनधास्त. बाहेर कुठेच तसा नसेल आणि १२ मायक्रॉनला त्याच जागी स्पष्ट गोळा असेल तर 'रिकामं' दाबू नका, चर्चेत त्या वस्तूचा क्रमांक टाका, आमच्यातलं कुणीतरी बघेल.

---

वाचनमात्र
१२ ला आहे स्पष्ट. टाकतो क्रमांक.